ब्लेअर सरकारने देशात नेमकं काय केलं? सल्ला-काउंटरच्या मागून दिसलेलं

प्रश्न थोडक्यात असा होता: "राज्यशास्त्राच्या पेपरसाठी ब्रिटनचं 'न्यू लेबर', म्हणजे ब्लेअर यांच्या काळातला मजूर पक्ष, अभ्यासतोय. पुस्तकात 'तिसरा मार्ग' या नावाखाली दोन परिच्छेद आहेत आणि मग एकदम इराक. १९९७ ते २०१० मध्ये देशांतर्गत काय झालं? ते सरकार डावं होतं की उजवं? ब्लेअर नेता म्हणून यशस्वी म्हणायचे का? आणि आताच्या स्टार्मर सरकारशी तुलना करता येईल का?"

मी कुठून बोलतेय ते आधी सांगते, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी अर्थतज्ज्ञ नाही. १९९३ ते २०१५ या काळात मिडलंड्समधल्या एका शहरात मी वेल्फेअर राइट्स सल्लागार म्हणून काम केलं. मधली चार वर्षं एका शुअर स्टार्ट केंद्रात (गरीब वस्तीतल्या लहान मुलांसाठीच्या सरकारी केंद्रात) होते. लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पत्रं घेऊन यायचे. कोणाची घरभाड्याची मदत थांबलेली, कोणाचं पेन्शन कमी आलेलं, कोणाचा मालक रजेचे पैसे देत नसलेला. पत्र वाचायचं, नियम शोधायचा, कागदावर गणित मांडायचं, मग अर्ज किंवा अपील लिहायचं. सरकार बदललं की त्या पिशवीतली पत्रं बदलतात. मजूर पक्षाचं सरकार मी पाहिलं ते असं.

डावं की उजवं, हा प्रश्न परीक्षेसाठी ठीक आहे, पण त्याने फारसं हाती लागत नाही. एकाच आठवड्यात त्या सरकारचं एक धोरण डावं वाटायचं आणि दुसरं उजवं. मी तो प्रश्न असा विचारेन: त्या काळात पैसा आणि हक्क कोणाच्या पदरात पडले, कोणत्या वाटेने पडले, आणि सरकार गेल्यावर त्यातलं काय उरलं? बावीस वर्षांच्या कामातून माझं मत असं झालंय की त्यांनी गरिबांना, विशेषतः मुलं असलेल्या गरिबांना, पुष्कळ दिलं. पण ते दबक्या पावलांनी दिलं. देशाला बजावून सांगितलं नाही की आम्ही वरच्यांकडून घेऊन खालच्यांना देतोय आणि ते योग्य आहे. त्यामुळे कायद्यात आणि संस्थेत बसवलेलं टिकलं, आणि अर्थसंकल्पातल्या एखाद्या रकमेवर उभं असलेलं बहुतेक सगळं पुढच्या सरकारने पाचेक वर्षांत मोडून टाकलं.

अर्थात हे माणसागणिक बदलतं. तुम्हाला लहान मुलं होती का, नोकरी होती का, तुम्ही स्कॉटलंडमध्ये राहत होता की इंग्लंडमध्ये, यावर उत्तर फिरतं. पहिली दोन वर्षं, २००० नंतरची सात-आठ आणि २००८ च्या आर्थिक संकटानंतरची दोन, हे जवळजवळ तीन वेगळे काळ होते. माझा अनुभव इंग्लंडचा आहे हेही ध्यानात ठेवा.

१ मे १९९७ ला मजूर पक्ष ४१८ जागा आणि १७९ चं बहुमत घेऊन आला. त्याआधी सलग अठरा वर्षं हुजूर पक्षाची सत्ता होती. चार निवडणुका हरलेला पक्ष किती घाबरलेला असतो ते आज समजणार नाही. म्हणून १९९५ मध्ये ब्लेअरनी पक्षाच्या घटनेतलं चौथं कलम, म्हणजे उत्पादनाच्या साधनांवर सामाईक मालकीचं ध्येय, बदलून घेतलं. निवडणुकीत खिशात मावेल अशा कार्डावर पाच आश्वासनं छापून वाटली: पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात तीसपेक्षा जास्त मुलं नकोत, सराईत बालगुन्हेगारांना अटकेपासून शिक्षेपर्यंत लागणारा वेळ निम्मा, एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, एक लाख जादा रुग्णांवर उपचार, अडीच लाख तरुणांना बेकारी भत्त्यावरून कामावर, आणि आयकराचे दर वाढवणार नाही. शिवाय पहिली दोन वर्षं हुजूर पक्षाने आखलेल्या खर्चाच्या मर्यादेतच राहू, असा शब्द पक्षाचे भावी अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन (२००७ पासून ब्लेअर यांच्या जागी पंतप्रधान) यांनी दिला होता. प्रचंड बहुमत आणि इतकी हातचं राखून दिलेली वचनं, ही जोडी लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यातून येतं.

त्या शब्दाचा पहिला फटका आमच्या काउंटरवर बसला. डिसेंबर १९९७ मध्ये सरकारने एकट्या पालकांना मिळणारी जादा रक्कम नव्या अर्जदारांसाठी बंद केली, कारण ती कपात आधीच्या सरकारच्या आराखड्यात होती. मजूर पक्षाच्या ४७ खासदारांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध मत दिलं. मे महिन्यात रस्त्यावर नाचलेल्या बायका डिसेंबरात माझ्यासमोर बसून विचारत होत्या, आम्ही यासाठी मत दिलं का? पुढच्या अर्थसंकल्पांत मुलांच्या भत्त्यात वाढ करून ती कपात दुसऱ्या वाटेने भरून निघाली, बऱ्याच जणींना तर त्याहून जास्त मिळालं. पण त्या बायकांना आठवायची ती कपात. भरपाई कोणी त्यांना समजावून सांगितलीच नाही.

आता जे टिकलं त्याबद्दल. माझ्या मते या सरकारचं सर्वांत मोठं देशांतर्गत काम म्हणजे किमान वेतन. १९९३ मध्ये जुनी वेतन मंडळं शेतीचा अपवाद सोडता रद्द झाली होती. त्यानंतर मजुरी ठरवणारं कायद्याचं असं काही उरलंच नव्हतं. आमच्या शहरात कपडे शिवणारे छोटे कारखाने होते, आणि घरी मशीन ठेवून नगावर शिवणाऱ्या गुजराती, पंजाबी आणि थोड्या मराठी बायका होत्या. तासाला दोन-सव्वादोन पौंड मिळवणारे रखवालदार मी पाहिलेत. १९९८ च्या कायद्याने १ एप्रिल १९९९ पासून २२ वर्षांवरच्यांना तासाला ३.६० पौंड आणि १८ ते २१ वयाच्यांना ३ पौंड ठरले. आकडा जाणूनबुजून छोटा ठेवला होता. कामगार संघटना नाराज होत्या, उद्योजक म्हणत होते नोकऱ्या जातील. नोकऱ्या गेल्या नाहीत.

यातली खरी हुशारी आकड्यात नव्हती. दर सुचवायला त्यांनी लो पे कमिशन नेमलं, त्यात उद्योजक, कामगार संघटना आणि अभ्यासक असे तिघेही एका टेबलावर बसले. दरवर्षी पुरावा गोळा करायचा, थोडं वाढवायचं, परिणाम पाहायचा, पुन्हा वाढवायचं. उद्योजकांचे प्रतिनिधी त्या शिफारशींवर सह्या करत होते, म्हणून त्यांना नंतर ओरडता आलं नाही. ज्या हुजूर पक्षाने या कायद्याला कडाडून विरोध केला होता, त्याच पक्षाच्या अर्थमंत्र्याने २०१५ मध्ये तो दर आणखी वर नेण्याची घोषणा केली. एप्रिल २०२५ मध्ये तो तासाला १२.२१ पौंड होता. घरी शिवणाऱ्या बायकांना मात्र कागदावर हक्क मिळूनही पैसे हातात पडायला फार झगडावं लागलं, कारण नगावरच्या कामात तास मोजायचे कोणी? तक्रार करायची म्हणजे शेजारच्याच गल्लीत राहणाऱ्या मालकाविरुद्ध उभं राहायचं. कायदा आला म्हणजे काम झालं असं मी कधीच म्हणणार नाही.

याच पठडीतल्या आणखी काही गोष्टी पुस्तकात सहसा नसतात. १९९८ पर्यंत ब्रिटनमध्ये पगारी रजेचा सर्वांना लागू असा कायदेशीर हक्कच नव्हता. युरोपचा नियम आधीच्या सरकारने अडवून धरला होता, तो यांनी लागू केला, आणि १९९९ पासून वर्षाला चार आठवडे पगारी रजा मिळू लागली. २००३ पासून बापाला दोन आठवड्यांची पितृत्व रजा आणि आईला २६ आठवडे भत्त्यासह रजा, पुढे ती ३९ आठवडे झाली. यांतलं काहीच नंतर काढून घेता आलं नाही. स्कॉटलंड आणि वेल्सची विधिमंडळं, मानवी हक्क कायदा, माहिती अधिकार कायदा, समलिंगी जोडप्यांची नागरी भागीदारी, बँक ऑफ इंग्लंडला व्याजदराची स्वायत्तता, हेही याच रांगेत येतं. शेवटचा निर्णय तर ६ मे १९९७ ला, म्हणजे सरकार आल्यावर पाचव्या दिवशी जाहीर झाला. याबद्दल पुस्तकांत भरपूर मिळेल, म्हणून मी इथे थांबत नाही.

अर्थसंकल्पावर उभं असलेलं म्हणजे मुख्यतः टॅक्स क्रेडिट. इथे माझी सर्वाधिक वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर. १८ मार्च १९९९ ला पूर्व लंडनच्या टॉयन्बी हॉलमध्ये ब्लेअर म्हणाले की वीस वर्षांत मुलांमधली गरिबी संपवू. स्वतःच्या मंत्र्यांनाही धक्का बसावा असं ते वचन होतं. ते पाळण्याचं हत्यार म्हणजे ब्राऊन यांचं टॅक्स क्रेडिट. कमी पगाराची नोकरी आहे, घरात मुलं आहेत, तर उत्पन्न पाहून सरकार दर आठवड्याला किंवा महिन्याला भर घालणार. २००३ पासून त्याचे दोन भाग झाले, एक मुलांसाठी आणि एक कामासाठी.

कल्पना चांगली होती. घोडं पेंड खाल्लं ते हिशेबात. रक्कम आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर तात्पुरती ठरायची, आणि वर्ष संपल्यावर खऱ्या उत्पन्नावर पुन्हा हिशेब व्हायचा. पगार महिन्याला ठरावीक असलेल्यांना हे चालतं. पण आमच्याकडे येणाऱ्यांचे तास आठवड्याला बदलायचे. डिसेंबरात ओव्हरटाइम मिळाला, फेब्रुवारीत काम सुटलं, नवरा घर सोडून गेला, परत आला. वर्षाअखेरी पत्र यायचं: तुम्हाला जास्त दिलं गेलंय, परत करा. पहिल्याच वर्षी देशभर सुमारे २ अब्ज पौंड जास्तीचे वाटले गेले होते. माझ्यासमोर एक शाळेच्या जेवणघरात काम करणारी बाई रडली नाही, नुसती गप्प बसली, कारण तिच्या हातातल्या वसुलीच्या पत्रावरचा आकडा तिच्या चार महिन्यांच्या पगाराइतका होता. पैसे मुलांच्या बुटांवर, वीजबिलावर खर्च झाले होते. तिने काही लपवलं नव्हतं.

२००६ मध्ये सरकारने दुरुस्ती केली. उत्पन्न वर्षभरात २,५०० पौंडांपर्यंत वाढलं तर दुर्लक्ष करायचं, ही मर्यादा थेट २५,००० वर नेली. वसुलीची पत्रं एकदम कमी झाली. पण तोवर विश्वास गेला होता. पुष्कळ लोक मला म्हणायचे, ताई, तो पैसा नकोच, नंतर मागतात. हक्काच्या मदतीला लोक भ्यायला लागले याचं दुःख मला अजून आहे. २०१० नंतरच्या सरकारने ती मर्यादा आधी १०,००० आणि मग ५,००० वर आणली, तेव्हा फारसा आवाज उठला नाही. दिलं होतं ते हिशेबाच्या गुंत्यात, आणि काढूनही घेतलं तसंच गुपचूप.

तरीही आकडा विसरू नका. १९९८-९९ मध्ये सापेक्ष गरिबीतली (देशाच्या मध्यक उत्पन्नाच्या ६० टक्क्यांखालच्या घरांतली) मुलं ३४ लाख होती, २०१०-११ मध्ये २३ लाख. २०१० पर्यंत निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट हुकलं हे खरं, आणि वर्तमानपत्रांनी तेवढंच छापलं. पण अकरा लाख मुलं. मी त्यांतली काही नावाने ओळखते.

मुलं नसलेल्या गरिबाचं काय? तो या सरकारच्या नजरेतून सतत निसटला. याचं सर्वांत वाईट उदाहरण म्हणजे २००७ चा ब्राऊन यांचा शेवटचा अर्थसंकल्प. आयकराचा मूळ दर २२ वरून २० टक्क्यांवर आणला, टाळ्या मिळाल्या, आणि त्याची किंमत म्हणून १० टक्क्यांचा सुरुवातीचा दर रद्द केला. एप्रिल २००८ मध्ये पगाराच्या चिठ्ठ्या हातात आल्या तेव्हा कमी पगाराच्या, मूल नसलेल्या माणसांचा कर वाढला होता. त्यांतले बरेच सफाई कामगार, रखवालदार, साठीच्या आसपासच्या विधवा. हे लोक आमच्याकडे यायचेही नाहीत, कारण त्यांना मदत मागायची सवय नव्हती. त्या वसंतात आले. खासदारांनी बंड केलं, आणि मे महिन्यात २.७ अब्ज पौंडांची घाईची भरपाई जाहीर करावी लागली. मजूर पक्षाने आपल्याच माणसांवर कर लावला ही गोष्ट माझ्या ओळखीचे कित्येक जण अजून विसरलेले नाहीत.

आता शुअर स्टार्ट. १९९८ मध्ये आखणी झाली आणि १९९९ पासून सर्वांत गरीब वस्त्यांत चार वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्रं उघडायला लागली. एकाच छपराखाली सुईण, हेल्थ व्हिजिटर (बाळांच्या घरी जाणारी नर्स), बोलायला उशीर होणाऱ्या मुलांसाठी थेरपिस्ट, खेळगट, आणि आठवड्यातून दोन सकाळी माझ्यासारखी सल्लागार. वस्तीत राहता एवढंच पुरे, उत्पन्नाचा दाखला नको. हे फार महत्त्वाचं होतं. गरीब म्हणून कुठे जायला कोणालाच आवडत नाही, पण बाळाला घेऊन गाणी म्हणायला जायला सगळ्यांना आवडतं. पोरं मातीत खेळायची, आया चहा घ्यायच्या, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला एखादी हळूच माझ्या टेबलापाशी येऊन बसायची: नवरा पैसे देत नाही, काय करता येईल? कार्यालयाच्या काउंटरवर ती बाई कधीच आली नसती. केंद्राच्या कारभारी मंडळात पालकही असायचे. इंग्रजी जेमतेम बोलणारी एक आई दोन वर्षांत त्या मंडळात खर्चाचे प्रश्न विचारू लागली, हे मी पाहिलंय.

पण सरकारला घाई होती. २००५ चा पहिला मोठा मूल्यमापन अहवाल निराशाजनक आला, काही अतिगरीब गटांत तर परिणाम उलटा दिसत होता. तोवर केंद्रं स्थानिक कौन्सिलांकडे सोपवून चिल्ड्रन्स सेंटर या नावाने देशभर वाढवायचं ठरलेलंच होतं. २०१० पर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास केंद्रं झाली, पण प्रत्येकाच्या वाट्याचा पैसा पातळ झाला, आणि पालकांचा कारभारातला वाटाही. २०१० नंतर हा निधी याच कामावर खर्च करायचं बंधन काढलं, कौन्सिलांची अनुदानं कापली गेली आणि शेकडो केंद्रं बंद पडली. फिस्कल स्टडीज इन्स्टिट्यूटचा अभ्यास आला २०२४ मध्ये: सुरुवातीच्या केंद्रांजवळ वाढलेल्या गरीब मुलांचे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेतले गुण मिळून तीन श्रेणींपर्यंत वाढले होते. चांगला परिणाम मोजून हाती यायला मूल मोठं व्हावं लागतं. तोवर केंद्राला कुलूप लागलेलं होतं.

एनएचएसची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि तुमच्या पेपरसाठी कदाचित सर्वांत उपयोगी. १९९७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी दीड वर्ष थांबणं ही अधिकृत कमाल मर्यादा होती. जानेवारी २००० मध्ये ब्लेअरनी टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगून टाकलं की आरोग्यखर्च युरोपच्या सरासरीपर्यंत नेऊ. मग २००२ मध्ये आरोग्यखर्चाबद्दलचा वानलेस अहवाल आला, आणि त्याच्या आधारावर ब्राऊन यांनी नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारावरची सामाजिक विम्याची वर्गणी, एक टक्क्याने वाढवला. उघडपणे, कारण सांगून: हा पैसा आरोग्यासाठी. त्या तेरा वर्षांत कर वाढवण्याच्या बाजूने खुला युक्तिवाद केल्याचं मला आठवणारं हे एकमेव मोठं उदाहरण. लोकांनी ते मान्य केलं. २००८ अखेर डॉक्टरच्या पहिल्या चिठ्ठीपासून उपचारापर्यंत अठरा आठवडे ही मर्यादा झाली. एनएचएसवर समाधानी असलेल्यांचं प्रमाण १९९७ मध्ये ३४ टक्के होतं, २०१० मध्ये ७०. आणि २०१० नंतर बाकी सगळीकडे कात्री चालली तेव्हा आरोग्याच्या तरतुदीला उघड हात लावायला कोणी धजावलं नाही. लोकांसमोर मांडून मिळवलेलं आणि लोकांपासून लपवून दिलेलं, यांचं पुढे काय झालं ते इथे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतं.

पण या यशाच्या पोटात नेतृत्वाची एक खोड होती, ती म्हणजे उद्दिष्टांचा सोस. २००१ मध्ये पंतप्रधानांच्या कार्यालयात मायकेल बार्बर यांच्याखाली डिलिव्हरी युनिट बसवलं. प्रत्येक खात्याचे आकडे, आलेख, ठरावीक दिवसांनी ब्लेअर यांच्यासमोर झाडाझडती. त्याने कामं झाली, हे नाकारणार नाही. अपघात विभागात चार तासांत रुग्णाला तपासून घरी किंवा वॉर्डात पाठवणं हे आमच्या भागात आधी स्वप्न होतं. पण डॉक्टरची भेट ४८ तासांत मिळायला हवी असं उद्दिष्ट ठेवल्यावर बऱ्याच दवाखान्यांनी पुढच्या आठवड्याची वेळ देणंच बंद केलं. म्हणजे रोज सकाळी आठला फोन लावत बसायचं. मधुमेहाच्या तपासणीसाठी पंधरा दिवसांनीची वेळ हवी असलेल्या आजींना ती मिळेना. २००५ च्या निवडणुकीआधी टीव्हीवरच्या प्रश्नोत्तरांत एका बाईंनी हे सांगितलं तेव्हा ब्लेअर यांना ते माहीतच नसल्याचं अख्ख्या देशाने पाहिलं. आम्हाला काउंटरवर ते दोन वर्षं माहीत होतं. वरून खाली आकडा पोचायचा, खालून वर अनुभव पोचत नव्हता.

नेतृत्वाबद्दल दुसरं म्हणजे दोन सत्ताकेंद्रं. ब्लेअर पंतप्रधान, पण घरगुती धोरणातला गरिबीचा भाग, म्हणजे टॅक्स क्रेडिट, पेन्शन, खात्यांचं अंदाजपत्रक, ब्राऊन यांच्या मुठीत. ब्लेअर यांचा जीव शाळा आणि रुग्णालयांच्या रचनेत: कौन्सिलच्या ताब्याबाहेरच्या अकादमी शाळा, जादा स्वायत्तता असलेली फाउंडेशन रुग्णालयं, विद्यापीठांची फी. वार्षिक ३,००० पौंडांपर्यंतच्या फीचं विधेयक जानेवारी २००४ मध्ये फक्त पाच मतांनी तरलं, तेही १६० च्या वर बहुमत असताना. दोघांच्या भांडणाच्या कथा तुम्हाला कुठेही मिळतील. माझ्या दृष्टीने त्याचा खरा तोटा असा की पुनर्वाटपाचं काम एकाकडे होतं आणि देशाशी बोलण्याची देणगी दुसऱ्याकडे. ब्राऊन यांनी ते काम अर्थसंकल्पाच्या परिशिष्टांत दडवलं. ब्लेअर यांना त्याबद्दल बोलायचंच नव्हतं. श्रीमंत-गरीब दरी कमी करणं हे तुमचं ध्येय आहे का, असं २००१ मध्ये मुलाखतीत पुन्हा पुन्हा विचारलं तरी त्यांनी सरळ हो म्हटलं नाही. त्यांच्यासारखं लोकांना पटवून देणारा पंतप्रधान मी पुन्हा पाहिला नाही, म्हणून ती संधी गेल्याची खंत जास्त वाटते.

आपल्या लोकांना काय मिळालं, हेही कोणी विचारेलच. जून १९९७ मध्ये, आल्या आल्या, त्यांनी प्रायमरी पर्पज नियम रद्द केला. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणं हा नव्हता असं सिद्ध करा, असं तो नियम सांगायचा. नसलेली गोष्ट सिद्ध कशी करायची? ठरवून झालेली लग्नं त्यात सर्वांत जास्त अडकायची. तो गेला तेव्हा आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले, खरोखरचे. पुढे २००२ मध्ये उच्चकुशल स्थलांतरितांची योजना आली आणि पुण्या-मुंबईचे कितीतरी इंजिनीअर, डॉक्टर तिच्यावर आले. पण २००६ मध्ये त्याच सरकारने आधीच आलेल्यांसाठीही नियम बदलले, आणि परदेशी डॉक्टरांची वर्क परमिटशिवाय प्रशिक्षण घेण्याची सोय काढली. परीक्षा देऊन, कर्ज काढून आलेल्या, एका खोलीत चौघं राहणाऱ्या मराठी पोरांची गाऱ्हाणी त्या वर्षी मी रविवारी घरी बसून ऐकली, कारण ते माझ्या कार्यालयाच्या कामात बसत नव्हतं. दोन्ही बाबतींत २००८ मध्ये निकाल सरकारविरुद्ध गेला, एक उच्च न्यायालयात आणि एक थेट हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात. तोवर काही जण परत गेले होते. आश्रयासाठी आलेल्यांना २००० ते २००२ बहुतांश मदत रोखीऐवजी कूपनांत दिली जायची आणि दुकानदाराने सुटे परत द्यायचे नाहीत असा नियम होता, तेही याच सरकारचं. ते आठवलं की अजून लाज वाटते.

घरांबद्दल एवढंच: कौन्सिलची जुनी घरं त्यांनी चांगली दुरुस्त केली, नवी जवळजवळ बांधलीच नाहीत, आणि दहा वर्षांत घरांच्या किमती तिपटीच्या पुढे गेल्या. आजच्या भाड्याच्या अडचणीचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे.

म्हणून 'ब्लेअर यशस्वी का' याला माझं उत्तर असं: निवडणुका जिंकण्यात आणि खात्यांकडून काम करून घेण्यात, हो. लोकांच्या मनात न्यायाची कल्पना रुजवण्यात, नाही. हे माझं मत आहे, माझ्याच कार्यालयातले निम्मे लोक यावर माझ्याशी भांडायचे.

स्टार्मर यांच्याशी तुलना करताना एक फरक विसरू नका. १९९७ ला मजूर पक्षाला ४३ टक्के मतं होती, अर्थव्यवस्था वाढत होती आणि सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास होतं. २०२४ ला ४११ जागा मिळाल्या त्या ३३.७ टक्के मतांवर, आणि कर्ज जवळजवळ उत्पन्नाइतकं. सवय मात्र जुनीच: आयकर वाढवणार नाही असं आधीच बांधून घेतलेलं. सत्तेत येताच जुलै २०२४ मध्ये त्यांनी बहुतेक पेन्शनरांचा हिवाळी इंधन भत्ता काढला, जो १९९७ मध्ये ब्राऊन यांनीच सुरू केला होता. तो सगळ्यांना मिळायचा, म्हणून सगळे ओरडले, आणि वर्षाच्या आत बहुतेकांना तो परत द्यावा लागला. दोनपेक्षा जास्त मुलांसाठी मदत न देण्याची २०१७ पासूनची मर्यादा मात्र फक्त गरिबांना लागू होती. ती उठवा म्हणून जुलै २०२४ मध्ये मत देणाऱ्या सात खासदारांना पक्षाने निलंबित केलं, आणि ती एप्रिल २०२६ पासून उठवण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली.

ती बातमी आली त्या संध्याकाळी मी जुन्या सहकारिणीला फोन केला. ती अजून काउंटरवर बसते. मला फार आनंद झाला होता. तिने ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, एकूण मदतीवरची २०१३ ची कमाल मर्यादा उठवली का? ती तशीच ठेवली होती. म्हणजे तिसऱ्या मुलाचे पैसे एका हाताने येणार आणि भाडं जास्त असलेल्या घरांत ते दुसऱ्या हाताने कापले जाणार. अशी कुटुंबं तिच्या यादीत आत्ताच होती. "उद्यापासून एकेकाला फोन करून गणित मांडून सांगते, नाहीतर सगळे आशेवर राहतील," असं म्हणून तिने फोन ठेवला.